मुंबई कर्करोग तपासणी चाचणी

गर्भाशयमुख व स्तन यांच्या कर्करोगासाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांत सुरू केलेली समूह-यादृच्छिक चाचणी.

रचना : 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया चाचणीत होत्या. वस्त्यांचे 20 समूह करून त्यांपैकी 10 यादृच्छिक पद्धतीने तपासणीसाठी निवडले. उरलेले 10 नियंत्रण समूह ठरले. एकाच वस्तीतल्या शेजारणींना वेगवेगळ्या गटांत घातले असते, तर माहिती एकीकडून दुसरीकडे जाऊन गटांतील फरक पुसट झाला असता. म्हणून व्यक्तीऐवजी वस्ती हे एकक धरले. मात्र एका वस्तीतील स्त्रियांची परिस्थिती बरीचशी सारखी असते. त्यामुळे प्रत्येक स्त्री स्वतंत्र नोंद धरता येत नाही आणि विश्लेषणात समूहाचा परिणाम हिशेबात घ्यावा लागतो.

तपासणी समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या. गर्भाशयमुखावर 4 टक्के ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे चट्टे पाहिले जात. स्तनांची हाताने तपासणी होई. नियंत्रण समूहांना सुरुवातीला एकदा आरोग्यशिक्षण दिले. त्यांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निष्कर्ष (2014) : या रोगाने होणारे मृत्यू तपासणी समूहांत 31 टक्के कमी आढळले. मृत्युदर-गुणोत्तर 0.69, 95 टक्के विश्वास-अंतराल 0.54 ते 0.88 आणि पी-मूल्य 0.003 होते. गुणोत्तर 1 म्हणजे दोन्ही गटांत फरक नाही. येथे संपूर्ण अंतराल 1 च्या खाली आहे. तपासणी निरुपयोगी असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 0.3 टक्के, असा या पी-मूल्याचा अर्थ. निरपेक्ष मोजणीत मृत्युदर 1 लाख व्यक्ति-वर्षांमागे नियंत्रण समूहांत 16.2, तर तपासणी समूहांत 11.1 होता.

स्तन कर्करोगाचे निष्कर्ष (2021) : मृत्यू 15 टक्के कमी दिसले, पण विश्वास-अंतराल 0.71 ते 1.01 असा 1 ला ओलांडतो. त्यामुळे ही घट सांख्यिकीयदृष्ट्या सिद्ध मानली जात नाही. परिणाम नाहीच, असेही त्यावरून ठरत नाही. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत घट सुमारे 30 टक्के होती. ही वयोगटवार विभागणी नंतर केलेली असल्याने मूळ निष्कर्षाइतके वजन तिला देता येत नाही.