धुणं बघायला चला

चपला बाहेरच पुसून घ्या, आतलं लिनोलियम नुकतंच पॉलिश केलेलं आहे. आणि खिशातला मोबाइल बंद ठेवा. साल १९५८ आहे, उगाच कुणाला घाबरवू नका.

तुम्ही उभे आहात ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये. गाव राइट बंधूंचं, पण आपण विमानांसाठी आलेलो नाही. फ्रिजिडेअरचं मुख्य ठाणं इथे आहे, आणि फ्रिजिडेअर ही जनरल मोटर्सचीच एक शाखा. कॅडिलॅकच्या मागे शार्कचे पर लावणारी कंपनीच कपडे धुण्याची यंत्रंही बनवते. दुकानात पाऊल टाकताच ते कळतं. पांढरी यंत्रं मागच्या भिंतीला सरकवलेली आहेत. पुढे, काचेच्या दर्शनी खिडकीत, गुलाबी, पिवळी आणि हिरवट-निळी जोडपी उभी आहेत: डावीकडे वॉशर, उजवीकडे ड्रायर, दोघांची उंची आणि रुंदी तंतोतंत सारखी. गुलाबीला कंपनीने नाव दिलंय ‘मेफेअर पिंक’.

हात लावून बघा, कुणी ओरडणार नाही. पत्र्यावर पोर्सिलेनचा जाड, गार थर आहे. वरच्या कडेला क्रोमची पट्टी, तिच्यावर काचेचा फलक, आणि महागड्या मॉडेलात त्या फलकामागे चक्क ट्यूबलाइट. बटणांचं तर विचारायलाच नको. सुती कपड्यांना एक, नाजूक कपड्यांना एक, पाणी गरम हवं की कोमट त्याला आणखी दोन. खरं तर आत एकच मोटर आणि पाण्याच्या दोन-चार झडपा आहेत. डोकं काय ते टाइमरच्या फिरत्या चकतीत. इतक्या कामाला एक गोल खटका पुरला असता. पण एका खटक्याच्या यंत्रासाठी कुणी शेजारणीला चहाला बोलावत नाही.

अरुंद टाय लावलेला विक्रेता पुढे येतो. “झाकण उघडूनच बघा की,” म्हणतो. हे यंत्र त्याने दुकानातच नळाला जोडून ठेवलंय. आत साबणाच्या फेसात टॉवेल पोहतायत आणि मधोमध एक जाड खांब वरखाली उसळतोय. बाकीच्या कंपन्यांची यंत्रं कपड्यांना डावीकडे-उजवीकडे घुसळतात. फ्रिजिडेअरचा खांब घुसळत नाही, उड्या मारतो. खांबाला चिकटून एक निळा टॉवेल खाली ओढला जातो, दिसेनासा होतो, आणि थोड्या वेळाने टबाच्या कडेने वर येतो. पाण्याचे थेंब तुमच्या मनगटावर उडतात. तुम्ही पुढचा टॉवेल कधी गडप होतो याची वाट बघत तिथेच रेंगाळता, आणि विक्रेत्याला नेमकं तेच हवं आहे. मग यंत्र पिळायला लागतं, मिनिटाला अकराशेच्या वर फेरे. स्पर्धकांची यंत्रं पाच-सहाशेच्या घरात अडकलेली असताना हा आकडा तो गाडीच्या इंजिनाबद्दल बोलावं तशा सुरात सांगतो. सांगताना नवऱ्याकडे बघतो. बटणांबद्दल बोलताना मात्र बायकोकडे.

आजही ही यंत्रं जमवणारी माणसं आहेत. घराच्या तळघरात ती नुसती मांडून ठेवत नाहीत, नळाला जोडून चालती ठेवतात, आणि एकमेकांकडे जमून धुणी धुतात. तुमच्यापुढच्या या गुलाबी यंत्राचा धड असलेला काचफलक मिळाला, तर त्यांच्यातला एखादा आनंदाने रात्रभर गाडी चालवत येईल. हसू नका. त्यांना जे आवडतं ते इथेच, या दुकानात, मुद्दाम घडवलेलं आहे.

शेजारच्या दुकानात डोकावू. पन्नाशीच्या दशकात वेस्टिंगहाउसचा एक ड्रायर असा होता, की कपडे वाळले की तो गाणं वाजवायचा. गाणं कोणतं? ‘हाऊ ड्राय आय अॅम’, दारुड्यांचं, घशाला कोरड पडल्याचं. कुणीतरी गंभीर चेहऱ्याने बैठकीत ही कल्पना मांडली असेल आणि बाकीच्यांनी मान डोलावली असेल, या विचारानेच मला त्या दशकाबद्दल माया वाटते. पलीकडे हॅमिल्टनच्या ड्रायरमध्ये अतिनील दिवा आहे. आतल्या कपड्यांना उन्हात वाळल्याचा भास व्हावा म्हणून. आणि ते चाकांवरचं धूड दिसतंय? जनरल इलेक्ट्रिकची ‘मोबाइल मेड’, भांडी धुण्याचं यंत्र. ढकलत सिंकपाशी न्यायचं, नळी स्वयंपाकघरातल्या नळाला जोडायची, आणि आत भांडी धुतली जाईपर्यंत त्या नळाकडे फिरकायचं नाही. पेलाभर पाणी हवं असलं तरी मोलकरणीची परवानगी घ्यायची.

भांड्यांच्या यंत्राचं मूळ बघायचं तर १८९३ च्या शिकागोत जावं लागेल, पण तिथे फार वेळ घालवू नका. जागतिक प्रदर्शनात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाई आपलं यंत्र घेऊन आल्या आहेत. पेटंट १८८६ चं. तारेच्या कप्प्यांत बश्या रचायच्या आणि त्यांच्यावर जोरात पाणी मारायचं. तत्त्व आजही तेच आहे. यंत्र दणकट, कामाचं, आणि दिसायला कारखान्यातलं. घेतात ते हॉटेलवाले. घरोघरच्या बायकांनी ते ‘हवंय’ म्हणावं असं त्याच्या अंगावर काहीच नाही.

ते ‘हवंय’ कुठून आलं हे बघायला १९३० च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिनमध्ये उतरू. टू रिव्हर्स हे मिशिगन सरोवराकाठचं गाव. इथली हॅमिल्टन कंपनी छापखान्यांसाठी लाकडी अक्षरं बनवणारी. तिच्याकडे नॉर्थ डकोटाचा जे. रॉस मूर एक कल्पना घेऊन आला. कडाक्याच्या थंडीत आईने दोरीवर घातलेले कपडे गोठून जायचे, म्हणून कपडे वाळवायचं यंत्र करायच्या मागे तो लागला होता. फिरतं पिंप आणि त्यात गरम हवा. यंत्र उत्तम चालत होतं. मग ते मिलवॉकीचा डिझायनर ब्रूक्स स्टीव्हन्स याला दाखवण्यात आलं. त्याने जे बघितलं ते तुम्हीही बघा: एक पांढरा पत्र्याचा खोका, आणि काही नाही. असा खोका कोण विकत घेणार, असं त्याचं म्हणणं पडलं. दाराला काच लावा, आत दिवा लावा, आणि दुकानात भडक रंगांच्या पुरुषी चड्ड्या घालून तो चालू ठेवा. १९३८ मध्ये यंत्र बाजारात आलं, ‘जून डे’ या नावाने.

दुकानासमोरच्या फुटपाथवर थांबा. काचेआड लाल, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या वर जातात, क्षणभर हवेत तरंगतात आणि धपकन पडतात. त्या काचेने एकही कपडा लवकर वाळत नाही. वाळतो तो बघणाऱ्याचा खिसा. डेटनच्या दुकानांतल्या ट्यूबलाइटी, बटणं आणि गाणी ही सगळी या एका काचेची पोरं आहेत असं माझं मत आहे. जे काम मागच्या अंगणात, कुणी बघू नये अशा जागी उरकायचं, ते दिवाणखान्यात दाखवण्याजोगं झालं.

आता शेवटचा मुक्काम. कोट घालू नका, मॉस्कोत जुलै आहे.

२४ जुलै १९५९, सोकोलनिकी बाग. सोनेरी अॅल्युमिनियमचा घुमट बकमिन्स्टर फुलरचा. आत सात भल्यामोठ्या पडद्यांवर चार्ल्स आणि रे ईम्सची फिल्म चालू आहे. कागदी पेल्यांतून पेप्सी वाटली जातेय. हे अमेरिकेचं राष्ट्रीय प्रदर्शन, उद्या लोकांना खुलं होईल आणि सहा आठवड्यांत सुमारे २७ लाख माणसं येऊन जातील. तुम्ही मात्र त्या लाकडी घराकडे चला, मधोमध चिरून ज्यातून रस्ता काढलाय त्या. स्पुटनिकवरून त्याला ‘स्प्लिटनिक’ म्हणतात. अमेरिकन कामगाराला परवडणारं घर म्हणून ते मांडलंय. तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने आधीच सुनावलंय, की हे अमेरिकन कामगाराचं नेहमीचं घर म्हणणं म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या गिरणी कामगाराचं नेहमीचं घर म्हणण्यासारखं आहे. लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत ही बातमी कुणी वाचून दाखवली असती, तर टोमण्याला हसू आलं असतं की त्यात आपला नंबर लागल्याचा राग, सांगणं कठीण आहे.

गर्दी रेटते. कठड्याला धरून उभे राहा. पिवळ्या स्वयंपाकघरासमोर अमेरिकेचा उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह येऊन थांबलेत; मागे भुवयांची दाट कमान दिसतेय तो ब्रेझनेव्ह. निक्सन वॉशिंग मशीनकडे बोट करतो. अशी यंत्रं घरातच बसवून मिळतात, म्हणतो, आमच्या बायकांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. बायकांबद्दलची असली भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, असं ख्रुश्चेव्ह फटकारतो. घर चौदा हजार डॉलरचं, पोलाद कारखान्यातल्या कामगाराला परवडणारं, असं निक्सन सांगतो. तुमची घरं वीस वर्षांत मोडतात, आम्ही नातवंडांसाठी बांधतो, असं उत्तर येतं. घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्र नाही का तुमच्याकडे, असंही तो विचारून घेतो. रॉकेटांच्या ताकदीवरून भांडण्यापेक्षा वॉशिंग मशीनच्या गुणांवरून वाद घातलेला बरा नाही का, हा निक्सनचा प्रश्न. त्याच्यामागच्या यंत्राला या सगळ्यात कुणी पाणी सोडलेलं नाही. दोन महासत्ता एका कोरड्या यंत्रावरून भांडतायत.

दोघे पुढे जाऊ देत. तुम्हाला दाखवायचंय ते पलीकडे आहे: व्हर्लपूलचं ‘मिरॅकल किचन’. ते १९५७ पासून प्रदर्शनांतून फिरतंय. बाई एका फलकाशी बसून बटण दाबते आणि भांडी धुण्याचं यंत्र आपणहून जेवणाच्या टेबलापर्यंत चालत येतं, खरकटी भांडी घेतं आणि परत जाऊन जागेवर बसतं. दुसऱ्या बटणासरशी भिंतीतल्या खोबणीतून एक बुटकं यंत्र बाहेर पडतं, फरशी पुसतं आणि परत आत शिरतं. पुढच्या रांगेतल्या बायका पुढे वाकून त्याच्या चाकांखाली तार शोधतायत. तार नाही.

त्या भिंतीवर आरसा आहे. त्याच्या मागच्या अरुंद खोलीत चला, दार नुसतं लोटलेलं आहे. इकडून तो आरसा नाही, काच आहे: बटण दाबणारी बाई, भांड्यांचं यंत्र, लोकांचे वासलेले चेहरे, सगळं लख्ख दिसतं. काचेशी एक माणूस रेडिओचं नियंत्रक हातात धरून बसलाय. बाईचं बोट बटणावर पडलं की हा अंगठा हलवतो, आणि यंत्र चालू लागतं. तुम्ही आणखी नीट बघायला पुढे सरकता, तसा तो मान न वळवता तुम्हाला कोपराने बाजूला सारतो. यंत्र टेबलाच्या पायाशी आलंय आणि तुमच्या खांद्यामुळे त्याला ते दिसत नाहीये.