प्रारंभिक अमेरिकेच्या इतिहासाचे कृतियुक्त अध्यापन : सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनीच आहे. अमेरिकेतील शाळांमध्ये या तक्रारीवर उपाय म्हणून वसाहतकालीन जीवन हस्तकलेच्या साहाय्याने शिकविण्याची प्रथा रूढ झाली. मेणबत्त्या तयार करणे, पिसाच्या लेखणीने लिहिणे, लोकर कातणे यांसारख्या कृती तेथील वर्गांत करून घेतल्या जातात. अशा कृतींमधून इतिहासाचे आकलन कितपत होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

शिकागो येथील प्रयोग :
तत्त्वचिंतक जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. 'द स्कूल अँड सोसायटी' (१८९९) या ग्रंथात त्यांनी तेथील एका कृतीची नोंद केली आहे. मुलांना लोकर व कापूस हाताळण्यास देण्यात आले. एका गटाने अर्धा तास खपून बोंडातील कापसाची सरकी काढली. तरी हाती आलेली रुई एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमही भरली नाही. पूर्वजांच्या अंगावर सुती वस्त्रांऐवजी लोकरीची वस्त्रे का होती, हे मुलांना स्वतःच्या बोटांनी शिकविले. कच्चा माल, श्रम आणि वेळ यांचा परस्परसंबंध केवळ व्याख्यानातून इतक्या स्पष्टपणे उमगणे कठीण होते.

कृतीच्या मर्यादा :
तथापि येथे थांबल्यास इतिहास अपुराच राहतो. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. या यंत्रामुळे कष्ट संपले, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढील. वस्तुतः सरकी काढणे सुलभ होताच दक्षिणेकडील राज्यांत कापसाची लागवड झपाट्याने विस्तारली आणि लागवडीपासून वेचणीपर्यंतचे श्रम गुलामांवर लादले गेले. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये सुमारे ३९.५ लाख झाली. हे सत्य सरकी काढणाऱ्या बोटांना कळत नाही. त्यासाठी जनगणनेचे आकडे आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथने वर्गात वाचावी लागतात.

चुकीची कृती तर अधिक घातक ठरते. १६२१ मध्ये प्लिमथ येथील सुगीच्या मेजवानीस वाम्पानोआग प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० सहकाऱ्यांसह उपस्थित होते. या प्रसंगाच्या निमित्ताने शाळांमधून मुलांना कागदी पिसांचे मुकुट घालण्याची प्रथा पडली. असे भरगच्च पिसांचे शिरोभूषण उत्तर अमेरिकेच्या मध्यवर्ती विस्तीर्ण मैदानी प्रदेशातील जमातींचे होते. वाम्पानोआग लोकांचे नव्हे. किनाऱ्यावर राहणारे वाम्पानोआग शिंपल्यांपासून पांढरे व जांभळे मणी घडवीत. पुस्तकातील चूक मूल विसरू शकते. स्वतःच्या हाताने केलेली चूक मात्र दीर्घकाळ स्मरणात राहते.

निष्कर्ष :
कृती ही इतिहासाच्या अध्यापनाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. कृती निवडताना ती कोणत्या पुराव्यावर आधारलेली आहे आणि त्या काळी ते काम कोणाच्या हातांनी होत होते, हे दोन प्रश्न शिक्षकाने विचारणे आवश्यक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात दिले गेले नाही, तर कष्ट करणारा माणूस इतिहासातून वगळला जातो आणि हाती केवळ एक शोभेची वस्तू उरते.