नौकेच्या तळाचा लेप : एक ऐतिहासिक आढावा

आपल्या कोळी समाजाचा इतिहास सांगताना आरमाराच्या लढाया व शूर पुरुषांची नावे यांचाच उल्लेख बहुधा होतो. ज्या नौकांच्या आधारावर हे सारे घडले, त्यांचा पाण्याखालील भाग मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः नौकेचे आयुष्य व वेग ही तळावरच अवलंबून असतात. म्हणून त्या तळाच्या लेपाचा वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

खाऱ्या पाण्यात तळाला दोन शत्रू असतात. लाकूड पोखरणारा किडा फळ्यांची चाळण करतो. शेवाळ व कवचधारी जीव बाहेरून चिकटून नौका जड व मंद करतात. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात पावसाळ्यापूर्वी आरमार बंदरात आणून छावणीस ठेवण्याचा दंडक सांगितला आहे. आपल्या किनाऱ्यावर तळ खरवडून त्यास चुना व तेल यांच्या मिश्रणाचा लेप देण्याची चाल जुनी आहे. लेप टिकाऊ नव्हता. तो वरचेवर द्यावा लागे.

टिकाऊ उपायाचा मोठा प्रयोग इंग्रजांनी १७६१ साली केला. 'अलार्म' या लढाऊ जहाजाच्या तळाला त्यांनी तांब्याचे पत्रे ठोकले. किड्यास मज्जाव झाला, शेवाळही फारसे धरले नाही. परंतु पुढील पाहणीत पत्र्यांलगतचे लोखंडी खिळे गंजलेले आढळले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले म्हणजे त्यांतील एक झपाट्याने झिजतो, हा धडा तेथे मिळाला. तरीही १७७९ पासून सर्व आरमारास तांबे चढविण्याचे धोरण सुरू झाले व १७८३ पासून लोखंडी खिळ्यांऐवजी तांबेमिश्रित धातूचे खिळे आले. याच युगात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते.

१८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याची झीज थांबविण्यासाठी पत्र्यांना जस्त व लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली, पण तळावर जीवांची दाटी झाली! तांबे विरघळत होते म्हणूनच जीव दूर राहत होते. झिजणे हेच त्या लेपाचे कार्य होय.

पुढे लोखंडी जहाजे आली. त्यांस तांब्याचे पत्रे लावणे धोक्याचे होते, म्हणून तांब्याची संयुगे रंगात मिसळू लागले. १९७० नंतरच्या दशकात कथिलाच्या एका संयुगाचे रंग फैलावले. ते वर्षानुवर्षे टिकत, परंतु फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची कवचे विकृत झाली, पिले जगेनाशी झाली, व्यवसाय डबघाईस आला. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांसाठी ते रंग बंद केले. २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने घातलेली बंदी १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आली.

सांप्रत फायबरच्या नौकांस इपॉक्सीत तांब्याची पूड मिसळून लेप देण्याची पद्धत आहे. तो सुमारे दहा वर्षे टिकतो असे उत्पादक सांगतात, व काळजी घेतल्यास तो घरच्या घरी लावता येतो. जुना रंग पूर्ण काढून तळ धुवावा व कोरडा करावा. पूड खाली बसते, म्हणून मिश्रण सतत ढवळावे. पहिला हात चिकट आहे तोच दुसरा द्यावा. असे अनेक पातळ हात रोलरने एकाच दिवशी द्यावे. घट्ट झाल्यावर पॉलिश पेपरने हलके घासून तांबे उघडे करावे. दमट हवा या कामाची वैरीण होय; म्हणून नौका पावसाळी मासेमारीबंदीत ओढलेली असली तरी पावसात हे काम करू नये. ॲल्युमिनियमच्या नौकेस हा लेप कदापि लावू नये. 'अलार्म'चे खिळे आठवावे.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. ज्या खाडीकाठी आपण तळ खरवडतो, त्याच खाडीत आपल्या मायबहिणी कालवे काढतात. खरवडलेल्या जुन्या रंगात विष असते. खाली ताडपत्री अंथरावी, तोंडावर फडके नव्हे तर योग्य मास्क बांधावा, आणि गोळा झालेला चुरा खाडीत न टाकता पालिकेच्या वा बंदराच्या विल्हेवाटीच्या सोयीकडे द्यावा. नौका दहा वर्षे टिकेल. खाडी मात्र पुढील पिढ्यांस पुरावयाची आहे.