गोफण, धनुष्य की विटा? मावळ्याच्या हाती काय द्यायचं

आज विषय खेळाचा आहे, पण वाट इतिहासातून जाते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात आपण एक पात्र रचतो आणि त्याला शस्त्र देतो. समजा, शेवगावच्या पोरांनी एक मावळा रचला. लांबून मारा करायला त्याच्या हाती काय द्यावं?

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लांब धनुष्याला आठ बाजूंचा फासा आहे, गोफणीला चारच बाजूंचा. म्हणजे गोफण दुबळी ठरली. इथे आपण जरा थांबू. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक भाडोत्री फौज इराणी मुलखातून माघारी निघाली होती. तिच्यातल्या ऱ्होड्स बेटाच्या गोफणदारांच्या शिशाच्या गोळ्या इराणी गोफणींच्या दुप्पट लांब जात, असं झेनोफन लिहितो. तो त्या फौजेतच होता.

मग गोफणच का नाही घ्यायची? कारण ती फिरवायला जागा लागते. दाटीत उभ्या माणसांना ती जमत नाही.

धनुष्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पण बंदुका आल्या म्हणून ते संपलं नाही. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी पडले ते दिलेरखानाच्या तिरानं, असं सभासद बखर सांगते. तोड्याची बंदूक शिकायला सोपी, पण पावसात तोडा भिजला की हातात नुसती काठी! विट्याचं मात्र वेगळं. या भाल्याला दोरी असते. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. ज्याच्याजवळ एकच भाला आहे, त्याला याची किंमत कळते.

तेव्हा शस्त्र निवडताना ‘जोर किती’ एवढंच विचारून भागत नाही. ते कुणाला परवडतं, कुणाला येतं, कुठल्या हवेत चालतं, हेही विचारावं लागतं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याला गोफण कुणी मुद्दाम शिकवायला लागत नसे. दोरी घरची, गुंडा बांधावरचा.

जडावाच्या तलवारी संग्रहालयात जपल्या जातात. गोफणीची दोरी कुजते आणि गुंडा पुन्हा साधा दगड होतो. म्हणून गरिबाचं शस्त्र इतिहासात कमी दिसतं आणि खेळातही त्याला लहान फासा मिळतो. घरात कुणा आजोबांना गोफण येत असेल, तर या सुगीत त्यांच्याकडून शिकून घ्या. मोकळ्या रानात मात्र, माणसं-जनावरं नसतील तिथं. मग फासा कितीचा द्यायचा ते आपणच ठरवू.