अठरा पौंडी फ्रेंच नौतोफ आणि मुंबईची जहाजबांधणी : 'त्रिंकोमाली' फ्रिगेटच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आरमारी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जलदुर्ग, लढाया आणि सेनानी यांच्याभोवती फिरत राहिले आहे. तोफ कोणत्या मापाची होती, ती जहाजावर कशी बसविली जात होती आणि तिचे ओझे जहाज कसे पेलत होते, या तांत्रिक प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः सागरी युद्धात तोफेइतकेच महत्त्व तिला पेलणाऱ्या जहाजाला असते. प्रस्तुत लेखात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मध्यम मापाची फ्रेंच नौतोफ, तिच्यासाठी रचलेले जहाज आणि त्या रचनेचा मुंबईच्या गोदीपर्यंत झालेला प्रवास यांचा विचार केला आहे.

मराठा आरमारातील तोफांची मांडणी

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्रे यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, त्यावरून पश्चिम किनाऱ्यावरील तोफांच्या मांडणीची स्पष्ट कल्पना येते. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंतची असे. गुराबेच्या पुढील भागात नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत. त्यांची तोंडे पुढच्या दिशेला असून त्या नाळेवरून मारा करीत. दोन्ही बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत. गलबते याहून लहान असत. त्यांपैकी मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत, तर हलक्या गलबतांवर काठाला फिरत्या खुंटीवर बसविलेल्या छोट्या तोफाच असत.

ही मांडणी कोकण किनाऱ्याच्या गरजांतून आलेली होती. उथळ खाड्यांतून ये-जा करायची, वारा पडला की वल्ह्यांवर चालायचे आणि शत्रूच्या जहाजाच्या मागील बाजूने मारा करायचा, अशी ही युद्धपद्धती होती. त्यासाठी कमी पाण्यात चालणारे हलके जहाज आवश्यक होते. अठरा पौंडी तोफांची रांग पेलणे मात्र अशा जहाजाला शक्य नव्हते. केवळ नळीचेच वजन सुमारे दोन टन असलेल्या अशा पंचवीस-तीस तोफा म्हणजे पन्नास-साठ टनांचे ओझे, आणि तेही पाण्याच्या पातळीपासून बरेच वर. १७५६ साली विजयदुर्ग पडला व तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले, त्यामुळे या परंपरेच्या पुढील विकासाची एक मोठी शक्यता संपुष्टात आली.

फ्रेंच अठरा पौंडी तोफ व तिचा गाडा

फ्रेंच नौदलातील फ्रिगेट जहाजांवर १७८० च्या सुमारापर्यंत बारा पौंडी तोफ प्रमुख असे. त्यानंतर अठरा पौंडी तोफेचे युग सुरू झाले. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड, म्हणजे सुमारे ४८९ ग्रॅमचा होता. त्यामुळे फ्रेंच अठरा पौंडी गोळा सुमारे ८.८ किलोग्रॅम भरे, तर त्याच नावाचा इंग्रजी गोळा ८.२ किलोग्रॅमच्या आत राही. फ्रेंच नळीचा व्यास सुमारे १३९ मिलिमीटर होता. पुढे मेट्रिक पद्धतीत याच्याशी जवळजवळ जुळणारे १३८.६ मिलिमीटरचे माप फ्रेंच नौदलात दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकून राहिले.

तोफ चार लहान लाकडी चाकांच्या गाड्यावर बसविलेली असे. नळीच्या दोन्ही बाजूंचे आडवे दांडे गाड्याच्या जाड फळ्यांवरील खाचांत टेकत. नळीच्या मागील भागाखाली लाकडी पाचर सरकवून नेम वर-खाली केला जाई. तोफ डागताच गाडा जोराने मागे येई. त्याला आवरण्यासाठी जहाजाच्या भिंतीला बांधलेला जाड दोर असे. येथे दोन्ही नौदलांच्या पद्धतींत फरक दिसतो. फ्रेंच पद्धतीत हा दोर गाड्याच्या फळ्यांना पाडलेल्या छिद्रांतून जाई. इंग्रज पद्धतीत तो तोफेच्या मागील बोंडाच्या मानेला गुंडाळला जाई आणि पुढील काळात तेथे ओतलेल्या कडीतून ओवला जाई. दोन्ही पद्धतींत धक्क्याचा अंतिम भार जहाजाच्या लाकडी भिंतीवरच येई. अर्थात तोफेचे माप वाढविणे म्हणजे जहाजाची बांधणीच बदलणे होते.

'एबे'पासून 'त्रिंकोमाली'पर्यंत

जाक-नोएल साने या फ्रेंच रचनाकाराच्या आराखड्यानुसार बांधलेली 'एबे' ही फ्रिगेट १७८२ मध्ये सेंट मालो येथे पाण्यात उतरली. तिच्यावर अठरा पौंडी २६ तोफा होत्या. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी 'रेनबो' या इंग्रज जहाजाने तिला पकडले. 'रेनबो'वर प्रयोगादाखल आखूड व मोठ्या तोंडाच्या कॅरोनेड तोफा बसविल्या होत्या. तिच्या पुढील तोफेतून आलेला बत्तीस पौंडी गोळा पाहून समोर मोठे युद्धजहाज असल्याचा फ्रेंच कप्तानाचा समज झाला आणि त्याने अल्प प्रतिकारानंतर शरणागती पत्करली, असे सांगितले जाते.

पकडलेल्या 'एबे'ची मापे घेऊन इंग्रजांनी 'लीडा' वर्गाच्या फ्रिगेट उभारल्या. त्यांतील काहींच्या बांधणीचे काम मुंबईकडे आले. त्यासाठीचे आराखडे 'जावा' या जहाजाने पाठविण्यात आले होते. हे जहाजही मूळचे फ्रेंच असून १८११ मध्ये तामाताव्ह येथे इंग्रजांच्या हाती आले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला व त्यात आराखडेही नष्ट झाले. ते पुन्हा मागवावे लागले.

अखेर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'त्रिंकोमाली' बांधण्यात आली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. तिच्या बांधणीस सुमारे २३,००० पौंड खर्च आला. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट होती. ठरलेल्या शस्त्रसाठ्यात अठरा पौंडी २८ तोफा, बत्तीस पौंडी कॅरोनेड व दोन नऊ पौंडी तोफा मिळून ४६ तोफा होत्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या वनांमुळे विदर्भास परिचित असलेल्या सागाच्याच जातीचे, परंतु मलबारातून आणलेले लाकूड तिच्यासाठी वापरले गेले. हे लाकूड ओकपेक्षा कुजण्यास अधिक प्रतिकार करणारे होते.

कौशल्य आणि निर्णयाधिकार

या प्रवासातून एक विसंगती समोर येते. दोन टनांच्या तोफांचा धक्का दीर्घकाळ सोसू शकेल असा सांगाडा उभारण्याचे कौशल्य मुंबईत होते. १८१० मध्ये येथे 'मिंडेन' हे मोठे युद्धजहाज तयार झाले होते. तथापि, तोफ कोणत्या मापाची असावी, गाडा कसा असावा व जहाजाची रेषा कशी असावी, याचा निर्णय लंडनमध्ये होत असे. एक आराखडा समुद्रात बुडाला म्हणून मुंबईतील काम दुसऱ्या आराखड्याची वाट पाहत राहते, ही घटना त्या परावलंबित्वाची साक्ष देते. वाडिया घराण्याचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्या हाताखालील सुतार-लोहारांची नावे मात्र क्वचितच आढळतात.

१८४८ मध्ये 'मियानी' हे ऐंशी तोफांचे जहाज मुंबईत पूर्ण झाले. परंतु लोखंडी जहाजे व वाफेची यंत्रे आल्यावर केवळ लाकूडकामातील प्रावीण्यावर पुढील वाटचाल शक्य नव्हती. यंत्र, तोफ व आराखडा या तिन्ही बाबतींत स्वायत्तता नसल्याने गोदीचे बांधणीतील स्थान ओसरत गेले.

निष्कर्ष

मराठा आरमाराची गुराब आपल्या किनाऱ्याला अनुरूप होती, मात्र जड तोफांची रांग तिला पेलवत नव्हती. मुंबईच्या गोदीने ती रांग पेलणारे जहाज बांधले, मात्र त्याची योजना तिची स्वतःची नव्हती. स्वतःची योजना आणि जड तोफा पेलण्याची क्षमता या दोन गोष्टी पश्चिम किनाऱ्यावर एकाच सत्तेच्या हाती एकत्र आल्या नाहीत. 'त्रिंकोमाली'ची डागडुजी १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधील हार्टलपूल येथे झाली. पाण्यावर तरंगणारे ब्रिटनमधील सर्वांत जुने युद्धजहाज म्हणून ती ओळखली जाते. फ्रेंच तोफेच्या गरजेतून जन्मलेली रचना मुंबईच्या कारागिरांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकेल अशी घडविली, ही बाब महाराष्ट्राच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदविली जाणे आवश्यक आहे.