गिरणीतील खाती, आपली माणसे आणि बायांचा पगार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, असे मंडळाच्या पोरांनी आम्हांला सांगितले. आम्ही काही लेखक नव्हे. शाळा नववीत सुटली, पुढचे शिकणे गिरणीत आणि वाचनालयात झाले. पण ज्या वस्तीत हा विहार उभा आहे ती वस्ती गिरणीच्या पगारावर उभी राहिली. तो पगार कुणाला किती मिळाला आणि का, हे नव्या पिढीला ठाऊक पाहिजे, म्हणून लिहायला बसलो.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे पोटापाण्यासाठी आली. बाहेरच्याला वाटते गिरणी म्हणजे एकच कारखाना. तसे नसते. ब्लोरूम, कार्डिंग, रिंग, वायंडिंग, साचेखाते अशी खाती असत आणि खात्याखात्याचा दर वेगळा. साचेखात्यात विणकराला जेवढा माल तेवढा दाम मिळे आणि साध्या कामगारांत त्याची कमाई चांगली असे. रिंगखात्यातल्या सायडरला ठरलेला रोज, तोही कमी.

आपली माणसे कुठे होती? रिंगखात्यात आणि झाडलोटीला. साचेखात्याचे दार बंद. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि दोऱ्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड कसे लावायचे, असे स्पृश्य विणकर म्हणत. गिरणीत कापड सगळ्यांसाठी निघे, पण दोऱ्याला विटाळ होई!

बायांची गोष्ट दुसरी, पण नमुना तोच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. त्या बहुतेक वायंडिंग आणि रीलिंगला. हे काम बायकी म्हणून दरही बायकी. विणकराच्या कमाईच्या जवळपास त्या कधी पोचल्या नाहीत. त्यांच्यावर नायकीण असे, आणि नायकिणीच्या वर पुरुष.

१९२१ साली मुंबई सरकारने कामगार कार्यालय काढले आणि मजुरीची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. त्यात खातेवार आणि पुरुष-बाई असे वेगळे आकडे दिलेले आहेत. बाईचा पगार कमी, हे त्यातून कागदावर आले. जातीचे तसे झाले नाही. कारण दर खात्याला होता, जातीला नव्हता. रिंगखात्यात सायडर मराठा असो की महार, रोज एकच. मग कुणीही म्हणावे, बघा, भेदभाव कुठे आहे? भेदभाव दाराशी होता. आत कोण जाऊ शकतो ते दार ठरवी, आणि हजेरीपुस्तकात दार दिसत नाही.

ही गोष्ट बाबासाहेबांनी नेमकी धरली. १९२८च्या सार्वत्रिक संपात कामगारांच्या मागण्या तयार होत होत्या. अस्पृश्यांना सर्व खाती, विशेषतः साचेखाते, खुले झाले पाहिजे, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. मालकांनी काय म्हणावे? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! मालकाचे बोलणे सोयीचे होते, पण आपल्याच कामगार भावांना टोचणारेही होते. त्याच १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आणि भत्त्यासाठी बोलले. १९२९ साली तो कायदा झाला.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या जी.आय.पी. रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत त्यांना हेच दुखणे पुन्हा मांडावे लागले. गिरणीत साचेखाते बंद, रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच उतरतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी सांगितले ते याच सभेत.

आमचे आजोबा रिंगखात्यात आणि आजी त्याच गिरणीत झाडूवाली. दोघांची पाळी एक, घाम एक. आजी म्हणायची, "त्याचा पगार मोजायला दोन हात लागायचे, माझा एका मुठीत मावायचा." वडील साचेखात्यात बदलीला उभे राहिले तेव्हा जॉबरने विचारले, "गाव कुठलं? गावात राहता कुठं?" काम येते का, हे विचारलेच नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली केंद्रीय कायदेमंडळात कोळसा खाणींवर चर्चा झाली. तेव्हा समान कामाला समान पगार, मग पुरुष असो की बाई, हे तत्त्व त्यांनी ठामपणे मांडले. पुढे ते संविधानाच्या ३९व्या कलमात आले. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला आणि तो २०१९च्या वेतन संहितेत सामावला. कायदा पाहिजेच. पण 'समान काम' मिळूच दिले नाही तर 'समान पगार' मागायचा कुणाशी?

आता भोंगे थांबले. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. तिथे आपल्या वस्तीतली माणसे दिसतात, पण कुठे? सफाईला, पार्किंगला, गेटवर. बाया धुणीभांड्याला आणि हाउसकीपिंगला, ठेकेदाराच्या हाताखाली. खात्यांची नावे तेवढी बदलली.

आणि बोट स्वतःकडेही वळवू. आमच्या युनियनच्या कमिटीत आम्ही किती बाया घेतल्या? विहारात सतरंजी घालायला आणि स्वयंपाकाला महिला मंडळ, अन् हिशेबाच्या वहीपाशी आम्ही पुरुष. हेही एक खातेच झाले.

म्हणून या वर्षी एक काम करू. विहारात एक वही ठेवू. घरटी कोण कुठे कामाला, कोणत्या पदावर, पगार किती, किती वर्षांत बढती, पुरुष की बाई, सारे लिहू. ही वही एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती देऊ. आकडे जमले की कुठले दार बंद आहे ते दिसेल. दार दिसल्याशिवाय ठोठावणार कसे?

जयभीम!