सॉफ्टवेअर-सुसंगती व तंजावरचे मोडी दफ्तर

ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आवृत्तीसाठी रचलेले सॉफ्टवेअर, वा त्यात लिहिलेला मजकूर, दुसऱ्या आवृत्तीत यथास्थित न चालणे, हा सुसंगतीचा प्रश्न होय. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या विद्याव्यासंगाने समृद्ध झालेल्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राज्याचे जे मोडी लिपीतील कागद आहेत, त्यांची संगणकीय नक्कल करू पाहणाऱ्या अभ्यासकास हा प्रश्न विशेष जाचतो. अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकात मोडीला स्थान मिळाले ते २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. तेही पहिल्या ६५,५३६ संकेतस्थानांच्या पलीकडे. त्यामुळे सोळा-बिटी मांडणीत तिचे प्रत्येक चिन्ह दोन घटकांच्या जोडीने लिहावे लागते, आणि ही जोडी अभंग न मानणारे जुने प्रोग्राम मजकूर मधोमध तोडतात. विंडोज एक्सपी (२००१) वा विंडोज ७ (२००९) यांच्या मूळ रचनेत ही संकेतमाला असणे शक्यच नव्हते. विंडोज १० (२०१५) मधील अक्षरजुळणी यंत्रणेने मोडीच्या मात्रा योग्य स्थानी बसविण्याची तजवीज केली; तथापि अनुरूप फाँट लागतोच.

या कागदांचे लिप्यंतर देवनागरीत केले असेल, तर त्या मजकुराची हानी याहून गंभीर आहे. विंडोज २००० पूर्वी मराठी मजकूर बहुधा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या भरलेल्या फाँटांत टंकला जाई. तो फाँट नव्या यंत्रावर नसला की परिश्रमाने केलेले लिप्यंतर निरर्थक रोमन चिन्हे होऊन बसते. अशा फायलींचे रूपांतर, जुने यंत्र चालू आहे तोवरच, युनिकोडमध्ये करून घ्यावे व मूळ पृष्ठाच्या छायाचित्रासोबत ते दप्तरी ठेवावे.